लामू एका दिवसात उरकू नका

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत आम्ही केनियाला जातोय, मी, मिस्टर, आठवीतली मुलगी आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी). सफारीनंतर तीन दिवस मोकळे आहेत. मला लामू बघायचंय पण घरचे म्हणतात तिथे जुन्या भिंती सोडून आहे काय! एका दिवसात होईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर: ताई, तिन्ही दिवस लामूलाच द्या. लामू म्हणजे केनियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचं जुनं गाव, स्वाहिली म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलात तर घरच्यांचंच खरं वाटेल, कारण तिथे एखादी भव्य वास्तू बघायची नसते, अख्खं गाव बघायचं असतं. २००१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की लोक अजून त्याच घरांमधून राहतायत.

सुरुवात स्वाहिली हाऊस म्युझियमपासून करा. अठराव्या शतकातलं घर, प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, आणि खोल्या लांबच लांब पण रुंदीला अगदी कमी, का तर छताला खारफुटीचे वासे घालायचे आणि वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. सगळ्यात आतल्या खोलीत भिंतभर चुन्याचे नक्षीदार कोनाडे. हे घर नीट बघितलंत की मग गल्लीतली कोरीव दारं वेगळीच दिसायला लागतात. दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी बैठक असते, तिला बराझा म्हणतात, आलागेला आधी तिथेच टेकतो, आपल्या कोकणातल्या घराच्या ओटीसारखं. सासूबाईंना ते लगेच ओळखीचं वाटेल बघा.

किल्ला १८१३ ते १८२१ मध्ये बांधलेला, १९८४ पर्यंत तुरुंग होता, तासाभरात होतो. एक सकाळ मात्र शेजारच्या मांडा बेटावरच्या ताक्वा या ओसाड पडलेल्या जुन्या गावाच्या अवशेषांसाठी ठेवा, होडी खारफुटीतून जाते, भरतीची वेळ साधावी लागते. होडीवाल्याशी वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा, स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, 'सा म्बिली' म्हणजे दोन वाजता नाही, सकाळचे आठ!

मुलीला सांगा की डिसेंबरात तिथे ईशान्येचा वारा असतो, त्याला कास्काझी म्हणतात, त्याच वाऱ्यावर शेकडो वर्षं अरबस्तानातून आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं तिकडे जायची आणि वारा फिरला की परत यायची. म्हणून तर तिकडे दुकानाला दुका, पैशाला पेसा, चहाला चाई.

जेवणाची काळजी नको, नारळाच्या दुधातली तूर, नारळीभात, चपाती सगळं मिळतं, फक्त मासे-मटण नको हे आधी स्पष्ट सांगा. गल्ल्या अरुंद आहेत, मोटारी शिरतच नाहीत, सामान गाढवावर किंवा हातगाडीवर. सासूबाईंना चालण्यापेक्षा होडीत चढउतार जड जाईल, तिथे हात धरायला कोणीतरी हवं. गाव मुस्लिम आहे, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका.

जाताना मात्र नैरोबीहून विमानानेच मांडाला उतरा आणि होडीने पलीकडे जा. मुख्य भूमीवरून जाणाऱ्या रस्त्यावर अतिरेकी हल्ले झालेत, त्यामुळे पैसे वाचवायला बस अजिबात नको.

आणि केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना जास्त जपावं लागतं, म्हणून तिकिटं काढायच्या आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा.