१९७३ चं मोबाईल होम दुरुस्त करून व्हीलचेअरवरच्या सासऱ्यांना तिथेच ठेवावं, की नवं घर घ्यावं?

नवं घ्या.

एवढंच लिहून थांबणार होते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘घर जुनं असलं तरी मजबूत आहे, नणंद म्हणते उगाच खर्च कशाला.’ ते ‘मजबूत आहे’ वाचलं आणि चहा गार झाला माझा. हेच शब्द मी दिराच्या तोंडून तीन वर्षं ऐकलेत. तो मराठी वाचत नाही, त्यामुळे इथे मोकळेपणाने लिहिते.

आम्ही अमेरिकेच्या ईशान्येला, थंडगार व्हरमाँट राज्यात असतो. सासूबाईंचंही मोबाईल होम, म्हणजे कारखान्यात बनवून चाकांवर ओढत आणून ठेवलेलं घर, १९७२ चं, बारा फूट रुंद आणि साठ फूट लांब. खाली लोखंडी सांगाडा, वर पत्र्याचं छप्पर. लग्नानंतर पहिल्यांदा फोटो पाठवले तर माझा भाऊ म्हणाला, “अमेरिकेत जाऊन पत्र्याच्या डब्यात राहतात होय गं?” मला राग आला होता, पण डबा हा शब्द त्याने बरोबर निवडला होता. वडील रेल्वेत, लहानपण मनमाडला गेलं, तेव्हा डब्याचा पॅसेज कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको.

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून व्हीलचेअरसकट घरी आणायच्या आधी थेरपिस्टबाई टेप घेऊन घर बघायला आल्या. पॅसेज अठ्ठावीस इंच, खुर्ची पंचवीस. दीर लगेच म्हणाला, “बसतेय की!” बसतेय, पण सरळ जाताना. बाथरूमचं दार पॅसेजच्या बाजूच्या भिंतीत. खुर्ची तिथे काटकोनात वळणार कशी? दार मोठं करू म्हणून त्याने दोन शनिवार-रविवार घालवले, चोवीस इंचाचं दार बत्तीसचं केलं. खुर्ची तरी वळेना, कारण अडचण दाराची नव्हतीच, पॅसेजची होती. आणि बारा फुटांच्या घरात पॅसेज रुंद करायचा म्हणजे बाजूची खोली कापायची, तीही आधीच पलंगापुरती.

मग आम्ही काय करायचो? पॅसेजच्या तोंडाशी खुर्ची लावायची, त्यांना उभं करायचं, नवरा पुढे उलटा चालणार, मी मागून कंबर धरणार. गाडीच्या स्लीपर डब्यात म्हाताऱ्या माणसाला टॉयलेटपर्यंत नेतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की गाडीत आपलं स्टेशन येतं. इथे रात्रीतून तीन फेऱ्या, रोज.

दिराने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांवर ठोकलेलं पातळ पॅनेल, स्क्रू धरेल असं मागे काही नाही. चौथ्या दिवशी दांडा भिंतीसकट सासूबाईंच्या हातात आला. पडल्या नाहीत, कारण मी मागे होते. माझा खांदा मात्र अजून दुखतो. दीर म्हणाला, “लांब स्क्रू घ्यायला हवे होते.” आता बोला!

थंडीचं तर विचारूच नका. टाकी उघड्यावर, त्यामुळे साधं हीटिंग ऑइल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, म्हणून महागडं केरोसिनच जाळावं लागतं. हिवाळ्यात २७५ गॅलनच्या अडीच-तीन टाक्या संपायच्या, तेही सातशे वीस चौरस फुटांसाठी. घराच्या पोटाखाली काळं कापड असतं, त्यात फायबरग्लासचं अस्तर. उंदरांनी ते फाडून ठेवलेलं, अस्तर ओलं होऊन लोंबायचं. बसलेल्या माणसाचे पाय चोवीस तास जमिनीलगत असतात आणि तिथूनच वारा. आईने मनमाडहून गोधडी पाठवली होती. एकदा सकाळी उचलायला गेले तर तिची कड भिंतीला चिकटलेली. आतल्या भिंतीवर बर्फ धरला होता. मी फोटो काढून दिराला पाठवला. त्याचं उत्तर, “पलंग भिंतीपासून थोडा सरकवा.”

पाइप गोठू नयेत म्हणून खाली विजेची हीटिंग टेप गुंडाळतात, तुम्हाला माहीत असेलच. वीज गेली की टेप बंद आणि पाइप फुटला. दोनदा झालं आमचं. एनर्जी ऑडिटवाले आले, दाराला पंखा लावून घर किती गळतं ते मोजलं. त्यांच्यातला एक जण बाहेर येऊन नवऱ्याला हळूच म्हणाला, छपरात आणि पोटाखाली ऊब धरणारं अस्तर भरता येईल, पण या भिंतींत भरणार काय, जाडीच नाही. त्या दिवशी नवरा माझ्या बाजूला आला.

आता तुमच्या मुद्द्याचं. १५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे हडचे (HUD) नियम त्या दिवसापासून लागू झाले (कायदा १९७४ चा). त्यानंतरच्या घराला बाहेरून लाल रंगाची पत्र्याची लहान पट्टी असते. तुमचं घर १९७३ चं, म्हणजे पट्टी नसणारच, आणि पट्टी नसलेल्या घरावर बँकेचं कर्ज मिळणं जवळजवळ अशक्य. दुरुस्तीत जाईल तो पैसा खिशातलाच, आणि घर विकताना त्यातला परत येत नाही. नणंदेला हे सांगा.

आणि नवं घ्या म्हटलं म्हणून सेल्समनने दाखवलेलं स्वस्तातलं पहिलंच उचलू नका. हडच्या नियमांत आजही पॅसेज अठ्ठावीस इंचांचा चालतो! घर नवं, अडचण तीच. ऑर्डर देतानाच लिहून घ्या: पॅसेज बेचाळीस इंच, दारं छत्तीसची, बाथरूममध्ये खुर्ची फिरवायला पाच फुटांचं वर्तुळ, शॉवरला उंबरा नको, बेसिनखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा, आणि बाथरूमच्या सगळ्या भिंतींत पॅनेलच्या मागे प्लायवूड. हे कारखान्यात करायला फार खर्च पडत नाही, नंतर करायला गेलात की दिराचे शनिवार-रविवार.

आम्ही मॉड्युलर घेतलं. तेही कारखान्यात बनतं, पण त्याला राज्याचे नेहमीचे बांधकामाचे नियम लागतात आणि खाली कायमचा लोखंडी सांगाडा नसतो. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळात इथल्या नदीकाठच्या मोबाईल होमच्या वस्त्या पुरात सापडल्या, त्यानंतर या राज्यात जवळजवळ शून्य वीजबिलाची अशी घरं बनवायचा प्रयत्न सुरू झाला, त्याच जातीचं हे. भिंती जाडजूड, खिडक्यांना तीन काचा, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र), आतली ऊब न घालवता हवा बदलणारं यंत्र, छपरावर सोलर. केरोसिन बंद. जोतं तीस इंचांवर आलं, म्हणजे एकास बारा या उताराने तीस फूट रॅम्प. त्यावर छप्पर घातलं, नाहीतर बर्फात रॅम्प म्हणजे घसरगुंडी.

सगळं मिळून दीड लाख डॉलरच्या वर गेलं. हा आकडा तुमच्या राज्याला लावू नका. घराच्या किमतीशिवाय जुनं पाडणं, त्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी, पाया, विजेचं नवं पॅनेल, सांडपाण्याची सेप्टिक टाकी, या पाच गोष्टींचे भाव आधी काढा. आमचा अंदाज तिथेच चुकला. जागा सासूबाईंच्या नावावर होती, म्हणून पक्क्या पायावरच्या घराला नेहमीचं गृहकर्ज मिळालं. भाड्याच्या जागेवर असाल तर बहुधा गाडीला मिळतं तसलं कर्ज मिळेल, व्याज जास्त आणि मुदत कमी.

जुनं घर पाडायला एक दिवससुद्धा लागला नाही. दीर रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसून होता. सासूबाईंना मी घाबरत विचारलं, वाईट वाटतंय का? त्यांनी विचारलं, आता केरोसिनवाला येणार नाही का? महिन्यातून एकदा तो माणूस दहा मिनिटं गप्पा मारायचा, त्याचंच त्यांना वाईट वाटलं. घराचं नाही. ‘आईला तेच घर हवंय’ हे दीर तीन वर्षं कुणाच्या वतीने बोलत होता, देव जाणे.

नव्या घरात पहिल्या आठवड्यात त्या एकट्या बाथरूमला जाऊन आल्या. मी दाराबाहेर उभी होते, तर आतून ओरडल्या, जा तू.

दीर आजही म्हणतो की हा खर्च केरोसिनच्या बचतीतून वीस वर्षांत वसूल होणार नाही. नसेल होत. माझ्या खांद्याचा हिशोब त्याने धरलाय का? रात्रीच्या तीन फेऱ्यांचा? हिशोब मांडणारा नेहमी तोच असतो, जो रविवारी संध्याकाळी आपल्या घरी परत जातो. तुमची नणंद किती अंतरावर राहते?

शिवाय त्याचं लाडकं वाक्य, “वीज गेली की तुमचा हीट पंप काय कामाचा?” अरे, तुझी केरोसिनची फर्नेससुद्धा विजेच्या पंख्यावरच चालायची! आम्ही छोटा जनरेटर ठेवलाय. एकदा दोन दिवस वीज नव्हती, घर सावकाश गार झालं, पाइप फुटले नाहीत.

राहिलेलं सांगते. माझा हा ठामपणा १९७६ च्या आधीच्या, एकाच डब्याएवढ्या रुंदीच्या घरापुरता आणि थंड प्रदेशापुरता आहे. डबल-वाइड (दोन डबे शेजारी जोडलेलं) असेल, १९९४ नंतरचं असेल (तेव्हा उष्णतारोधनाचे नियम कडक झाले), सासरे वॉकरवर चालत असतील, तर दुरुस्ती चालू शकेल. नव्या घरासाठी पैसेच नसतील तर अमेरिकी कृषी खात्याची कलम ५०४ ची योजना बघा. ती ग्रामीण भागातल्या, अगदी कमी उत्पन्नाच्या घरमालकांना आहे: चाळीस हजार डॉलरपर्यंत एक टक्क्याने कर्ज, आणि वय बासष्ट किंवा त्याहून जास्त असेल तर दहा हजारांपर्यंत अनुदान. मोबाईल होमला जागेच्या आणि पायाच्या अटी आहेत. आकडे बदलतात, ऑफिसात फोन करून खात्री करा. त्यातून निदान रॅम्प आणि पोटाखालचं काम होईल. पॅसेज मात्र तेवढाच राहील.

तो आधी मोजा. नुसतं भिंतीपासून भिंतीपर्यंत नाही, जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे. आणि खुर्ची मोजताना चाकांच्या बाहेरच्या कडीपासून मोजा, सासऱ्यांची बोटं तिथे असतात. आकडे खाली कमेंटमध्ये लिहा, बघून सांगते.