तुमचे प्रश्न : पोलीस ट्रेनिंगला जाण्याआधी आणि गेल्यावर

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातली, शिपाई भरतीत सिलेक्शन झालंय, आता ट्रेनिंगच्या पत्राची वाट बघतेय. ग्राउंडला 800 मीटर मस्त मारलं होतं पण लिस्ट लागल्यापासून नुसते सत्कार आणि पेढे, पळणं बंदच पडलंय. पहिल्या महिन्यात लई हाल होतात म्हणतात, खरं का?

उत्तर : होतात ताई, पण तुला वाटतंय त्या कारणाने नाही. दम परत येतो, त्याचं टेन्शन घेऊ नको. खरा त्रास देते ती नडगी. भरतीची तयारी आपण मातीवर हलक्या बुटात करतो आणि इथे एकदम जड बूट घालून टणक मैदानावर रोज परेड, सावधान-विश्राम, तेज चल, थम, प्रत्येक वेळी टाच आपटायची, आणि ते पण पहाटे फॉलिन होऊन (म्हणजे रांगेत उभं राहून) पीटी झाल्यावर. मग पाय सुजतो, आणि पोरी काय करतात तर सांगतच नाहीत, स्क्वाडमध्ये नाटकी म्हणतील म्हणून पेनकिलर खाऊन दाबतात, आणि साध्या सुजेचं हाडातल्या बारीक फ्रॅक्चरपर्यंत जातं. तिथून मग कित्येक आठवडे विश्रांती आणि बरोबरची पोरं पुढे निघून जातात. तर आजपासूनच रोज थोडं थोडं चालणं-पळणं चालू कर, एका दिवसात पाच किलोमीटर मारायला जाऊ नको, पोटऱ्या ताणायचे व्यायाम कर. बूट मिळाले की संध्याकाळी बराकीत घालून फिरायचं, म्हणजे पायाला बसतात. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल आणि रात्री झोपल्यावर पण ठणकत असेल तर दुसऱ्या दिवशी सरळ सिक रिपोर्ट करायचा, म्हणजे आजारी आहे म्हणून कळवून डॉक्टरला दाखवायचं, उस्तादांची (परेड शिकवणाऱ्यांची) बोलणी खावी लागली तरी चालतील.

आणि हो, जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. वजन वाढेल म्हणून मेसमध्ये अर्धी भाकरी खाणाऱ्या पोरी मी बघितल्यात, त्याच परेडला चक्कर येऊन पडतात.

प्रश्न : मुलगा ट्रेनिंगला गेलाय, रोज रात्री फोन करून रडतो, घरी येतो म्हणतो. आम्ही शेतकरी माणसं, काय सांगावं कळत नाही.

उत्तर : काका, आधी तो नेमका कशाने रडतोय ते विचारा. झोप पुरत नाही, एकाने चूक केली की सगळ्या स्क्वाडला राऊंड मारायला लावतात, घरची आठवण येते, हे असेल तर धीर द्या, महिन्या-दीड महिन्यात बहुतेक पोरं रुळतात. पण कोणी मारहाण करतंय, पैसे मागतंय असं असेल तर तो ट्रेनिंगचा भाग नाही, ते प्राचार्यांपर्यंत लेखी गेलंच पाहिजे. आणि रोज रात्री तासभर फोन नको, त्याची झोप जाते.

प्रश्न : मी बारावी आर्ट्स. इनडोअरला, म्हणजे कायद्याच्या वर्गात बसलं की झोप येते, कलमं डोक्यात राहत नाहीत. मोठा भाऊ पोलीसमध्ये आहे, त्याच्या जुन्या नोट्स वाचल्या तर चालतील का?

उत्तर : चालतील, पण अर्ध्याच. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तुझ्या भावाच्या नोट्समधलं खुनाचं 302 आता 103 आहे, खुनाच्या प्रयत्नाच्या 307 चं 109, फसवणुकीच्या 420 चं 318. मात्र त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच आयपीसी लागते, आणि असे खटले कोर्टात अजून चालूच आहेत, म्हणून नोट्स फेकू पण नको.

पाठांतराने हे होणार नाही. मी शिकवायचो तेव्हा पोरांना घटना द्यायचो. समज आठवडी बाजारात बाईच्या गळ्यातलं गंठण ओढून कोणी पळाला. आधी हिसकावून नेण्याला वेगळं कलमच नव्हतं, आता न्याय संहितेत 304 आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी तक्रार घ्यावीच लागते, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तपास कसा करायचा तो कायदा) 173, पुढची कलमं पण त्यातलीच. तिचा जबाब घ्यायचाय, पण बाईमाणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जायचं, 179. आरोपीच्या खोलीची झडती घेताना मोबाईलवर व्हिडिओ काढायचाच, 105. अटक केली की 24 तासात मॅजिस्ट्रेटसमोर, 58. एवढ्या एका गंठणात पाच कलमं झाली आणि पाठ काहीच करावं लागलं नाही. रोज पेपरमधली एक चोरी नाहीतर मारामारी घे आणि मित्राबरोबर असंच कर, सुरुवातीला चुकेल, पुस्तक उघडून बघायचं.

झोपेचं म्हणशील तर सकाळची परेड झाल्यावर पोटभर जेवून पंख्याखाली बसलं की कोणालाही येते, आम्हा शिकवणाऱ्यांना पण यायची. पुढच्या बाकावर बस, हाताने लिहीत राहा, दुपारी भात कमी खा. आउटडोअरच्या (मैदानावरच्या) मार्कांवर भागेल असं सीनियर सांगतील, ते ऐकू नको, पोस्टिंग झाल्यावर पहिला पंचनामा लिहायला घेशील तेव्हा तिथे पुशअप्स किती मारतोस हे कोणी विचारत नाही.