‘सगळं ठीक आहे’ म्हणजे नेमकं काय ठीक आहे?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. आई किंवा वडील असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या वृद्धांच्या निवासी केंद्रात आहेत, घरचे फोन करतात, पलीकडून ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर येतं आणि फोन ठेवल्यावर जिवाला घोर लागतो. माझ्या मते यात निम्मा दोष प्रश्नाचा असतो. ‘कशी आहे आई?’ असं विचारलं की ‘बरी आहे’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी काय विचारायचं, ते पुढे ओघाने येईलच.

प्रश्न : आईला तिथे ठेवून आठ महिने झाले. तिचे कपडे ढगळ व्हायला लागले आहेत, अंगठी बोटातून निसटते. विचारलं तर ‘वय झालं, भूक कमीच होणार’ म्हणतात. आम्ही उगीच शंका घेतोय का?

उगीच नाही. वयामुळे भूक थोडी मंदावते हे खरं, पण कपडे ढगळ होण्याइतकं वजन उतरलं तर त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटलं तर डॉक्टर ते गंभीर मानतात. पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो उतरलं तरी ही रेषा ओलांडली गेली. तेव्हा पहिली मागणी वजनाच्या तक्त्याची करा. महिन्यातून एकदासुद्धा वजन घेत नसतील तर त्या केंद्राबद्दल बरंच काही तिथेच कळलं.

मग तोंडात डोकवा. वजन उतरलं की कवळी सैल होते, सैल कवळी टोचते, टोचते म्हणून खाणं कमी होतं आणि वजन आणखी उतरतं. जेवताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज घशात पाणी अडकल्यासारखा घरघरतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या वयात जिवावर बेततो. औषधांची यादीही पाहा. स्मृतीसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल, मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन अशी नेहमीची औषधंही भूक मारू शकतात. आणि उदासी. ती तपासायची तर कुणाला सुचतच नाही.

एवढं झाल्यावर एकदा न सांगता जेवणाच्या वेळी जा. तिथे कळेल ते कुठल्याही तक्त्यात कळणार नाही. ताट हाताच्या टप्प्यात ठेवलंय की पलंगाच्या टोकाला? भरवणारी बाई शेजारी बसून भरवते की उभ्याउभ्या? एकटी किती जणांना भरवते? ज्याला भरवावं लागतं त्याच्या एका जेवणाला सहज अर्धा तास लागतो, आणि एका माणसाकडे सात-आठ जण दिले असतील तर हिशेब जमणारच नाही. बाई कितीही मायाळू असो, तिसऱ्या घासानंतर तिची नजर पुढच्या ताटाकडे वळते. अर्धं ताट परत गेलं तर ते कुणी लिहून ठेवतं का, हेही पाहा. पाण्याचं तसंच. वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते. ‘पाणी ठेवलंय ना समोर’ यावर समाधान मानू नका. ग्लास तिला उचलता येतो का, ते बघा.

प्रश्न : वडील तिसऱ्यांदा पडले. केंद्र म्हणतं, ‘आम्ही चोवीस तास शेजारी बसू शकत नाही.’ मग पैसे कशाचे घेतात?

तुमचा राग समजतो, पण केंद्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. असिस्टेड लिव्हिंगची कल्पना आजच्या रूपात रुजली ती १९८०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, केरेन ब्राउन विल्सन यांच्या प्रयत्नांतून. त्यांच्या आईला पक्षाघातानंतर नर्सिंग होममध्ये राहावं लागलं होतं. तिला हवं होतं स्वतःचं दार, त्याला आतून कडी, स्वतःच्या वस्तू आणि कधी उठायचं ते ठरवण्याची मुभा. म्हणजे ही व्यवस्था मुळात स्वातंत्र्यासाठी आहे आणि स्वातंत्र्यात पडण्याचा धोका येतोच. हे रुग्णालय नव्हे. कित्येक ठिकाणी रात्री नर्ससुद्धा नसते. दाखल करताना हे कुणी नीट सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने खाणं, या सहा गोष्टींची यादी सिडनी कॅट्झ यांनी १९६३मध्ये मांडली. ती आजही वापरतात. वडिलांना यातल्या एकदोन गोष्टींत मदत लागत असेल तर ते योग्य जागी आहेत. उठवायलाच दोन माणसं लागत असतील तर मात्र जागा बदलायचा विचार करा.

केंद्राची बाजू इथे संपते. प्रत्येक वेळी पडल्यावर त्यांनी काय लिहून ठेवलं, ते मागा. किती वाजता, कुठे, काय करायला उठले होते, पायात काय होतं, चष्मा होता का, दिवा होता का. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला का? वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर चक्कर येण्याचं कारण सापडलं. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची औषधं यात नेहमीचे संशयित. तिन्ही वेळा पहाटे बाथरूमला जाताना पडले असतील तर त्या वेळेच्या थोडं आधी कुणीतरी त्यांना नेऊन आणायला हवं. त्यासाठी चोवीस तास शेजारी बसावं लागत नाही. पहिल्या पडण्यानंतरच ज्यांनी हे ताडलं ते केंद्र चांगलं. तीन नोंदींत फक्त ‘पडले, जखम नाही’ एवढंच असेल तर ही तक्रार रास्त आहे.

प्रश्न : आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. ती म्हणते, रात्रीची बाई चिमटे काढते, वस्तू चोरते. केंद्रातले म्हणतात, तिला भास होतात. कुणावर विश्वास ठेवू?

दोघांवरही, आणि कुणावरच नाही. वस्तू सापडली नाही की ‘चोरली’ वाटणं हे या आजारात फार नेहमीचं आहे. पण ज्यांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही त्यांनाच छळणं सगळ्यात सोपं असतं, हेही तितकंच खरं. ‘डिमेन्शिया आहे ना त्यांना’ हे तक्रारीवरचं उत्तर होऊ शकत नाही.

आधी अंग पाहा. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत आणि तळहाताच्या मागे जांभळे डाग किरकोळ धक्क्यानेही उमटतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आणखीच. त्याने घाबरू नका. दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांच्या आत, कानावर, मानेवर, पाठीवर डाग असतील किंवा बोटांचे वळ दिसत असतील तर मात्र त्याच दिवशी खुलासा मागा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. विशिष्ट माणूस खोलीत आला की ती आक्रसते का? अंघोळीला ठरावीक दिवशीच विरोध करते का? ते दिवस आणि ड्युटीचा तक्ता शेजारी ठेवून पाहा.

दुसरं, हे सगळं कधी सुरू झालं? दोनतीन दिवसांत एकदम सुरू झालं असेल तर डॉक्टर आधी बोलवा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता किंवा नवं औषध यामुळे अचानक बुद्धिभ्रम होतो. त्याला डिलिरियम म्हणतात. तो डिमेन्शियापेक्षा वेगळा, आणि कारण सापडलं तर बहुधा उतरतो.

कधीकधी ‘चिमटा’ म्हणजे रक्तातली साखर तपासायची सुई निघते, किंवा अंधारात काही न बोलता कूस बदलणारे हात. असं निघालं तरी प्रश्न मिटत नाही. अंगाला हात लावण्याआधी नाव घेऊन सांगायचं, ही पद्धत लावून घ्या. कुणावर आरोप न करता काही दिवस रात्रीची व्यक्ती बदलून मागा आणि फरक पडतो का ते बघा. मारहाणीचा ठोस संशय असेल तर अंतर्गत चौकशीवर थांबू नका, पोलिसांकडे जा. आणि आईला ‘असं काही नसतं गं’ म्हणू नका. ‘मी बघते’ म्हणा, आणि खरंच बघा.

प्रश्न : बाबा पूर्वी संध्याकाळी अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायचे. आता दिवसभर पेंगतात. खुर्चीला समोरून ट्रे अडकवलेला असतो. केंद्रातले खूश आहेत : ‘आता शांत झालेत.’

आजच औषधांची यादी मागवा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन या मनोविकारांवरच्या (अँटिसायकोटिक) औषधांपैकी काही नव्याने दिसलं तर पेंगण्याचं कारण बहुधा तेच. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत सुमारे १.६ ते १.७ पट वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५मध्ये दिला आणि २००८मध्ये जुन्या औषधांनाही तो लावला. बाबांना पार्किन्सन किंवा लुई बॉडी डिमेन्शिया (डिमेन्शियाचाच एक प्रकार) असेल तर काही औषधं आणखी घातक ठरतात. तरी ती कधीच देऊ नयेत असं मी म्हणणार नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भयाने कासावीस होत असेल, तर छोटा डोस थोड्या काळापुरता द्यावा लागतो. पण कोणत्या वागण्यासाठी दिलं, कुणी ठरवलं, घरच्यांना का सांगितलं नाही आणि पुन्हा आढावा कधी घेणार, या चार प्रश्नांना उत्तरं हवीत. तुम्ही मनाने मात्र औषध बंद करू नका. ते डॉक्टरनेच उतरवत आणायला हवं.

स्वतःला काढता न येणारा ट्रे म्हणजे बांधून ठेवणंच, दोरी नसली म्हणून काय झालं. त्याने गंभीर इजा टळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट बसून बसून पायातली ताकद जाते. मूळ अस्वस्थतेचं कारण कुणी शोधलं का? दुखणं, तुंबलेली लघवी, भूक, संध्याकाळी ड्युटी बदलतानाचा गोंधळ. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं चेहऱ्यावर, श्वासात आणि आवळलेल्या मुठीत वाचावं लागतं.

शिवाय खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्याचं माकडहाड आणि टाचा आठवड्यातून एकदा तरी बघायला हव्यात. लाल डागावर बोट दाबून उचललं आणि लाली क्षणभरही फिकी झाली नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. गडद त्वचेवर लाली कळत नाही, तिथे वेगळा रंग, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. वडिलांचे कपडे बाजूला करायचा संकोच वाटतो, मान्य. नर्सला तुमच्यासमोर बघायला सांगा.

प्रश्न : जागा निवडताना काय बघावं?

दिवाणखाना सोडून बाकी सगळं. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळनंतर जा. तिथे राहणाऱ्यांची नखं बघा, चष्म्याच्या काचा बघा, श्रवणयंत्र कानात आहे की खणात. घंटी वाजल्यावर कुणी किती वेळाने येतं, ते उभं राहून बघा. भेटेल त्या केअरटेकरला सहज विचारा, ‘तुम्ही इथे किती वर्षं आहात?’ माणसं सतत बदलत असतील तर तिथे चांगली काळजी टिकणं कठीण, कारण कुणाला कवळी रात्री काढायची असते आणि कुणाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे नव्या माणसाला कोण सांगणार? आणि करारात हे जरूर वाचा : कोणत्या कारणाने ते तुमच्या माणसाला बाहेर काढू शकतात.

प्रश्न : तक्रार केली तर राग आईवर निघेल अशी भीती वाटते.

ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते आणि ती निराधार नाही. पण गप्प राहणारं घर सुरक्षित असतं, असंही मला दिसलेलं नाही. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही, त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं.

तक्रार माणसाची नको, घटनेची हवी. ‘तुम्ही लोक लक्षच देत नाही’ यावर कुणी काही करू शकत नाही. ‘मंगळवारी दुपारी दोनला आले तेव्हा सकाळचा डायपर तसाच होता’ यावर करावंच लागतं. आधी त्या पाळीच्या प्रमुखाला सांगा, मग व्यवस्थापकाला लेखी कळवा, उत्तराची तारीख मागा. तरी हललं नाही तर तुमच्याकडे अशा केंद्रांवर देखरेख करणारी जी सरकारी यंत्रणा असेल तिच्याकडे जा. केअरटेकर बाईवर सगळ्यांदेखत ओरडणं टाळा. कमी पगारात, कमी माणसांत राबणारी ती आहे आणि माणसं किती ठेवायची हे ती ठरवत नाही. तिने काही चांगलं केलं असेल तर तेही व्यवस्थापकाला लेखी कळवा. याला लाच म्हणत नाहीत.

प्रश्न : रोज मी जाते. परदेशातला भाऊ वर्षातून एकदा येतो आणि सगळ्यांवर ओरडून जातो.

अशा भावाला वैद्यकात नावच आहे, फक्त तिथे भावाच्या जागी मुलगी आहे. लांबून येऊन सगळं उलटंपालटं करणाऱ्या नातेवाइकाचं वर्णन १९९१मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ‘कॅलिफोर्नियाची लेक’ म्हणून छापून आलं. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला ‘न्यूयॉर्कची लेक’ म्हणतात! ओरडण्यामागे बहुतेक वेळा अपराधीपण असतं. पण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही, हेही खरं, तेव्हा तो काय म्हणतो ते एकदा लिहून घ्या. वर्षभरासाठी त्याला एक काम नेमून द्या : दर महिन्याला केंद्राकडून वजन, औषधांतले बदल आणि पडल्याच्या नोंदी मागवून घेणं. हे लांबूनही करता येतं. आणि केंद्राशी बोलणारी व्यक्ती एकच असेल, ती तुम्ही, हे दोघांनी मिळून व्यवस्थापकाला लेखी कळवा.