पीव्हीए-पीव्हीपी फिल्ममध्ये हायड्रोजन बंध झालाय हे एफटीआयआरवरून कसं दाखवायचं?

एफटीआयआरमध्ये (पदार्थ कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो हे मोजणाऱ्या तंत्रात) ओएच गटाचा बँड, म्हणजे शोषणाचा पट्टा, ३३०० वरून ३२८० वर आला, म्हणजे पीव्हीए (पॉलिव्हिनिल अल्कोहोल) आणि पीव्हीपी (पॉलिव्हिनिल पायरोलिडोन) यांच्यामध्ये हायड्रोजन बंध तयार झाला, असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. (आकडे सगळे सेमी⁻¹ मध्ये.) मी परीक्षक असतो तर चालवून घेतलं नसतं. बंध नसेल असं मी म्हणत नाही, बहुधा असेलच. पण तुम्ही दिलेला पुरावा त्या बंधाचा आहे हे कशावरून?

पीव्हीएचे ओएच गट पीव्हीपी टाकण्याआधीपासूनच एकमेकांशी बांधलेले असतात. त्यात पीव्हीपी मिसळलं की काही ओएच आपसातले बंध सोडून पीव्हीपीच्या कार्बोनिलकडे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाकडे) वळतात, काही होते तिथेच राहतात आणि फिल्ममधलं पाणी त्याच जागी, ३४०० च्या आसपास, आपली भर घालतं. या सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमचा तो रुंद बँड. शिवाय बंध जितका घट्ट तितकं ओएचचं शोषण वाढतं, त्यामुळे बँडच्या क्षेत्रफळावरून बंधांची संख्या मोजायला जाऊ नका. एवढ्या रुंद बँडचा माथा सॉफ्टवेअरने २० ने इकडेतिकडे दाखवला तर त्यातून एकच कारण निवडता येत नाही.

सरकण्याची दिशासुद्धा फसवी आहे. पॉली(४-व्हिनिलफिनॉल) हे या विषयातलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मायकेल कोलमन आणि पॉल पेंटर यांनी १९८० च्या दशकापासून यावर भरपूर काम केलं. या पॉलिमरचा आपसात बांधलेला ओएच ३३६० च्या आसपास दिसतो, मोकळा ३५२५ ला. त्यात पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, एस्टर गट असलेला पॉलिमर) मिसळलं की बांधलेला बँड खाली न येता वर सरकतो, कारण एस्टरशी होणारा बंध ओएच-ओएच बंधापेक्षा कमजोर असतो. म्हणजे दोन पॉलिमरमध्ये बंध झालेला असतो आणि ओएच मात्र ‘उलट्या’ दिशेला जातो. ‘खाली सरकला म्हणजे बंध झाला’ हा नियम इथेच मोडतो.

म्हणून नजर कार्बोनिलवर ठेवा. पीव्हीपीकडे हायड्रोजन देणारा गटच नाही, तेव्हा कोरड्या पीव्हीपीत हायड्रोजन बंधातला कार्बोनिल असायचं कारण नाही. तो १६८० च्या आसपास दिसतो. मिश्रणात कमी आकड्याला, १६६० च्या बाजूला, खांदा आला किंवा बँड तिकडे झुकला, तर हायड्रोजन देणारा दुसरा कोणीतरी आलाय. तो पीव्हीए तरी असेल, नाहीतर पाणी. खरी लढाई या शेवटच्या शब्दाशी आहे.

पीव्हीपी पाणी किती ओढतं हे पावसाळ्यात बाटली उघडी ठेवून पाहिलंच असेल. ओल्या पीव्हीपीचा कार्बोनिल पीव्हीए नसतानाही खाली येतो. शिवाय पाण्याचा स्वतःचा १६४० चा बँड नेमका त्याच्याच शेजारी बसतो. त्यामुळे तुलना शुद्ध पीव्हीपीच्या पावडरशी करू नका. त्याच पाण्यातून, त्याच तापमानाला, त्याच वेळी वाळवलेल्या नुसत्या पीव्हीपीच्या फिल्मशी करा. ही एक फिल्म नसेल तर बाकी दहा स्पेक्ट्रम असून उपयोग नाही.

फिल्म कशी बनवायची तेही सांगतो, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पेट्री डिशमध्ये ओतलेली फिल्म ट्रान्समिशनसाठी फार जाड असते. कार्बोनिलचा माथा सपाट येतो आणि मग पीक कुठे हे विचारण्यात अर्थ नसतो. एक-दोन टक्क्यांचं द्रावण कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडकीवर पातळ पसरा. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) खिडकी इथे नको, ती पाण्यात विरघळेल. कॅल्शियम फ्लोराइडमध्ये साधारण ११०० च्या खालचं काही दिसत नाही, पण पीव्हीएच्या स्फटिकी भागाशी जोडला जाणारा ११४१ चा बँड त्याच्या वर आहे. पीव्हीपीचं प्रमाण वाढताना तो पीव्हीएच्या अंशाहून जास्त वेगाने कमी झाला, तर पीव्हीएची आपसातली रचना मोडतेय याला चांगला दुजोरा मिळतो.

गरम करता येणारा सेल असेल तर व्हॅक्यूममध्ये किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवा आणि लागोपाठच्या स्कॅनमध्ये ३४०० कडचा भाग कमी व्हायचा थांबेपर्यंत वाट पाहा. मग नायट्रोजन चालू ठेवूनच थंड करा आणि तेव्हाचा स्पेक्ट्रम घ्या. गरम अवस्थेत बंध आपोआप ढिले झालेले असतात. थंड, कोरड्या फिल्ममध्ये १६६० चा खांदा टिकला आणि पीव्हीए वाढवत गेल्यावर तोही वाढत गेला, तर परीक्षकांसमोर बिनधास्त उभे राहा.

सेल नसेल तर एटीआर (नमुना स्फटिकावर दाबून त्याच्या पृष्ठभागाचा स्पेक्ट्रम घेण्याची पद्धत) चालेल, पण मग सगळेच नमुने एटीआरवर घ्या. एटीआरमध्ये जोरदार बँड मुळातच थोडे खाली दिसतात, त्यामुळे एक स्पेक्ट्रम एटीआरचा आणि दुसरा केबीआर पेलेटचा अशी तुलना केलीत तर नसलेला बंधही सापडेल. ४ च्या रिझोल्यूशनवर २ चं सरकणं तर सोडूनच द्या.

कर्व्ह फिटिंगबद्दल (एका रुंद बँडची त्यातल्या लहान बँडमध्ये फोड करण्याबद्दल) तुम्ही विचारलं नाही, पण गाइड सांगतीलच. आधी सेकंड डेरिव्हेटिव्ह काढून किती बँड आहेत ते बघा, कोरड्या पीव्हीपीवरून मोकळ्या कार्बोनिलची जागा आणि रुंदी ठरवा आणि ती सगळ्या मिश्रणांत तीच ठेवा. सगळं मोकळं सोडलंत तर सॉफ्टवेअर हवं ते उत्तर देतं. बांधलेल्या आणि मोकळ्या कार्बोनिलच्या शोषणाचं १.५ हे गुणोत्तर पेपरांत वारंवार दिसेल. ते एस्टरच्या कार्बोनिलसाठी काढलेलं आहे. पीव्हीपीचा कार्बोनिल अमाइडचा, तेव्हा ते डोळे झाकून वापरू नका. नुसती क्षेत्रफळांची गुणोत्तरं द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

तुमचं पीव्हीए अर्धवट हायड्रोलाइझ केलेलं (८७-८९ टक्क्यांचं) असेल तर १७३५ ला अ‍ॅसिटेटचा कार्बोनिल दिसेल. तो पीव्हीएचाच, त्याला ‘नवीन बंध’ म्हणू नका. आणि दोन्ही पॉलिमर एकजीव झाले का, हे एफटीआयआरला विचारू नका. त्यासाठी डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो हे मोजणाऱ्या यंत्रावर) एकच टीजी, म्हणजे पॉलिमर काचेसारख्या अवस्थेतून मऊ होण्याचं तापमान, येतोय का ते बघा.