बातमी दाबली की छापायला कुणी उरलंच नाही?

माध्यमांवर नव्याने लिहायला लागलायस, तर एक सवय आधी लाव. ‘बातमी दाबली’ असं कुणी म्हटलं की विचार: कुणी आणि कशी? सरकारी आदेश, कोर्टाची मनाई, जाहिराती काढून घेण्याची धमकी, की ती बातमी करायला वार्ताहरच उरला नव्हता? वाचकाला चारही वेळा दिसतं ते एकच, कोरी जागा. पुरावा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेव. व्हिएन्नात १७०३ साली सुरू झालेल्या ‘वीनर त्साइटुंग’चा रोजचा छापील अंक २०२३मध्ये थांबला, कारण कंपन्यांनी तिथे पैसे भरून सूचना छापण्याची सक्ती नव्या कायद्याने रद्द झाली आणि उत्पन्नच आटलं. हाँगकाँगचा ‘ॲपल डेली’ २०२१मध्ये बंद पडला तो संपादकांची अटक आणि सरकारने गोठवलेली खाती यांमुळे. पगाराला पैसे नव्हते हे तिथेही खरं, पण दोष बाजाराचा नव्हता. (आणि पहिल्या उदाहरणातला कायदाही सरकारनेच बदलला, हे विसरू नकोस.)

‘कुणीच छापलं नाही’ हा दावा तर आधी शोधूनच बघ. बऱ्याचदा बातमी आतल्या पानावर सापडते.

सर्वांत अवघड प्रकरण स्वतःहून गप्प बसण्याचं. त्याचा कागद नसतो. नोकरी सोडलेल्या वार्ताहरांशी बोल, मोठे जाहिरातदार कोण ते पाहा, आणि एकाच माणसाच्या सांगण्यावर मथळा करू नकोस.