पर्यावरणशास्त्रासाठी ऑरगॅनिक केमिस्ट्री: किती करायची आणि कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न असा: बीएस्सी वनस्पतिशास्त्रात झाली, पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्राला जायचंय, बारावीनंतर ऑरगॅनिकशी संबंध सुटला आणि हातात तीन-चार महिने आहेत. तेवढ्यात काय शिकून घ्यावं?

आधी एक सांगतो, पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. तो क्रम रेणू बनवायला शिकणाऱ्यांसाठी लावलेला असतो. तुम्हाला रेणू बनवायचा नाही. तो नदीत, मातीत किंवा हवेत सुटल्यावर कुठे जाऊन बसेल, कशाने मोडेल आणि मोडल्यावर मागे काय उरेल, हे तुम्हाला सांगता यायला हवं. म्हणून ग्रिग्नार्ड (मॅग्नेशियम वापरून कार्बनच्या साखळ्या जोडण्याची अभिक्रिया), अनेक टप्प्यांचं संश्लेषण आणि शास्त्रज्ञांच्या नावांच्या अभिक्रियांची लांबलचक यादी सध्या बाजूला ठेवा.

पहिले दोन आठवडे फक्त रचना वाचायला द्या. रोज पाच-सहा रेणू हाताने काढायचे: फेनॉल, टोल्युइन, नॅफ्थॅलिन, डीडीटी आणि क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशकं, साबणाच्या पावडरीतलं एलएएस (लिनियर अल्किलबेंझीन सल्फोनेट). प्रत्येकात कार्बोक्सिल, एस्टर, अमाइड, अमाइन, हॅलोजन, नायट्रो, फॉस्फेट यांपैकी काय आहे ते ओळखायचं. आयुपॅक नावांवर (नियमांनी ठरलेल्या शास्त्रीय नावांवर) फार वेळ घालवू नका, प्रयोगशाळेत तशी नावं क्वचित लागतात. चुका इथे ठरावीक होतात. रेषांच्या आकृतीत हायड्रोजन लिहिलेले नसतात, हे विसरून बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन एकच समजले जातात. एस्टर आणि इथर यांत गोंधळ होतो. आणि हा गोंधळ महागात पडतो, कारण एस्टर पाण्याने तुटतो, साधा इथर जवळजवळ तुटतच नाही.

त्यानंतर आम्ल-आम्लारी. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त परतावा याच प्रकरणातून मिळतो आणि नेमकं हेच लोक घाईत उरकतात. पीकेए म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन सोडून आयन होतात तो आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. फेनॉलचा पीकेए १० च्या आसपास, पाच क्लोरीन असलेल्या पेंटाक्लोरोफेनॉलचा ४.७. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतात, म्हणून हायड्रोजन सहज सुटतो. आता पीएच ७ च्या पाण्यात काय होईल ते काढा: फेनॉल ९९.९ टक्के तसाच राहतो, पेंटाक्लोरोफेनॉल ९९.५ टक्के आयन होतो. आयन झालेला रेणू हवेत उडत नाही, चरबीत सहज शिरत नाही आणि सॉल्व्हंटमध्येही (सेंद्रिय द्रावकातही) येत नाही. म्हणूनच फेनॉल वर्गातली प्रदूषकं तपासणीसाठी पाण्यातून सॉल्व्हंटमध्ये काढून घेताना नमुन्याचा पीएच आधी २ च्या खाली आणतात. ही पायरी विसरली तर पेंटाक्लोरोफेनॉल पाण्यातच राहतो आणि रिपोर्टमध्ये ‘आढळले नाही’ असं लिहिलं जातं.

मग विभाजन, म्हणजे पदार्थ दोन माध्यमांत कसा वाटला जातो ते. ऑक्टॅनॉल (चरबीच्या जागी वापरलं जाणारं तेलकट अल्कोहोल) आणि पाणी यांत पदार्थ किती प्रमाणात वाटला जातो, त्या गुणोत्तराचा लॉगरिदम म्हणजे लॉग केओडब्ल्यू. बेंझीनचा २.१३, म्हणजे ऑक्टॅनॉलमध्ये पाण्याच्या साधारण १३५ पट. डीडीटीचा ६ च्या वर, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. डीडीटी नदीच्या पाण्यात शोधण्यापेक्षा तळच्या गाळात आणि माशांच्या चरबीत का शोधतात, ते या एका आकड्यावरून कळतं. हा आकडा वापरताना तो लॉग आहे हे विसरू नका: ३ आणि ६ यांत दुपटीचा नाही, हजार पटींचा फरक आहे. आयन होणाऱ्या रेणूला तो सरळ लावता येत नाही. पीएफओएससारखी (डाग-रोधक लेपांत आणि अग्निशामक फेसात वापरलेली) फ्लोरीनयुक्त संयुगं तर चरबीपेक्षा प्रथिनांना चिकटतात, तिथे हा हिशोबच चुकतो.

अभिक्रिया फार नाहीत, पण त्या मेकॅनिझमसकट, म्हणजे कोणता बंध कसा तुटतो-जुळतो यासकट करा. एसएन-१ आणि एसएन-२ (एका गटाच्या जागी दुसरा गट येण्याच्या दोन वाटा) रटाळ वाटतात, पण पाण्यात हॅलोजनयुक्त संयुगं मोडतात ती याच वाटांनी. साधारण तापमानाच्या पाण्यात टर्शरी ब्युटिल क्लोराइडचा अर्धायुकाल २०-२५ सेकंद, मिथाइल क्लोराइडचा मात्र वर्षाच्या आसपास. दोन्हींत कार्बन-क्लोरीन बंधच तुटतो. फरक पडतो तो कार्बोकॅटायनच्या (बंध तुटल्यावर उरणाऱ्या धनभारित कार्बनच्या) स्थैर्याने. एलिमिनेशन (रेणूतून छोटा तुकडा निघून दुहेरी बंध बनणं) शिकताना डीडीटीचंच उदाहरण घ्या: त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून गेलं की डीडीई उरतं, आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होण्यामागे मुख्यतः तेच आहे. मूळ पदार्थ संपला म्हणजे धोका संपला असं धरणाऱ्याने हे उदाहरण पाठच करावं. क्लोरपायरिफॉसमध्ये हायड्रॉक्साइड फॉस्फरसवर हल्ला करतो, म्हणून ते आम्लारीयुक्त पाण्यात लवकर तुटतं. तुटून निघालेलं ट्रायक्लोरोपिरिडिनॉल पाण्यात जास्त विरघळतं आणि जमिनीतून खाली झिरपू शकतं.

बारावीची आयोडोफॉर्म चाचणी आठवते? मिथाइल कीटोन, हॅलोजन आणि आम्लारी मिळून हॅलोफॉर्म. कुजलेल्या पाल्यातून आलेलं ह्युमिक द्रव्य असलेल्या धरणाच्या पाण्यात क्लोरीन टाकलं की त्याच जातीच्या अभिक्रियेतून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या रूक यांनी हे दाखवलं. खडकवासल्याचं पाणी पर्वती जलकेंद्रातून येतं, त्याचा नमुना तपासायचा असेल तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घालावं लागतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उरलेलं क्लोरीन आपलं काम चालूच ठेवतं आणि आकडा फुगतो. बाटली काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण क्लोरोफॉर्म त्या हवेत निघून जातं.

हवेसाठी मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले, फार क्रियाशील कण) लागतात. हायड्रॉक्सिल मूलकामुळे बेंझीन हवेत आठ-दहा दिवसांत मोडतं, टोल्युइन दोनेक दिवसांत, झाडांतून निघणारं आयसोप्रीन दोन-तीन तासांत. टोल्युइनचा मिथाइल गट रिंगला इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ते बेंझीनपेक्षा लवकर जातं. पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) ओझोनवर प्रकल्प करायचा विचार असेल तर हा भाग दुप्पट वेळ देऊन करा.

जैविक विघटनात बीटा-ऑक्सिडेशन नीट समजून घ्या. वनस्पतिशास्त्र झालंय, त्यामुळे हे तुम्हाला सोपं जाईल. यात सूक्ष्मजीव लांब साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बन करत खातात. साखळीला फांद्या असल्या की काम अडतं. फांद्या असलेल्या जुन्या डिटर्जंटमुळे युरोप-अमेरिकेतल्या नद्या फेसाळल्या, आणि १९६० च्या दशकात सरळ साखळीचं एलएएस आलं. पण एलएएसच्या विघटनाच्या पहिल्याच पायरीला ऑक्सिजन लागतो. आळंदीला इंद्रायणीवर दिसणाऱ्या फेसाचा अभ्यास करायचा असेल तर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजल्याशिवाय तो अभ्यास अर्धवट राहील.

आता प्रयोगशाळा. सीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) करताना पोटॅशियम डायक्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल आणि सिल्व्हर सल्फेट घालून १५० अंशांवर दोन तास रिफ्लक्स करतात (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळतात). सरळ साखळीची आम्लं आणि अल्कोहोल चांदीशिवाय पूर्ण जळत नाहीत. क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट खातं, म्हणून मर्क्युरिक सल्फेट क्लोराइडच्या दहापट वजनाने आधी घालायचं. तापवताना रंग पूर्ण हिरवा झाला तर डायक्रोमेट संपलं असं समजा, तो आकडा टाकून द्या आणि नमुना पातळ करून पुन्हा करा. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचं (मद्यार्क काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याचं) सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतं, तिथे पातळ केल्याशिवाय भागतच नाही. हात तपासायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरा: लिटरला ४२५ मिलिग्रॅमचं द्रावण ५०० मिलिग्रॅम सीओडी द्यायला हवं. पिरिडीन मात्र यातही जळत नाही, म्हणजे सीओडी कमी आला की सेंद्रिय पदार्थ कमीच आहेत असं नाही. टायट्रेशननंतरचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, त्यात पारा आणि क्रोमियम दोन्ही आहेत.

सॉल्व्हंटने पदार्थ काढून घेणं हे दुसरं महत्त्वाचं कौशल्य. समजा एक लिटर पाणी आहे आणि वितरण गुणांक ५०, म्हणजे सॉल्व्हंटमध्ये पदार्थाची संहती पाण्याच्या ५० पट. साठ मिलिलिटर सॉल्व्हंट एकदम वापरलं तर २५ टक्के पदार्थ पाण्यात राहतो. तेच २०-२० मिलिलिटर तीनदा वापरलं तर १२.५ टक्के. हे गणित एकदा स्वतः करून पाहा. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, ते खाली बसतं; हेक्झेन वर तरंगतं. चुकीचा थर ओतून देणं ही प्रॅक्टिकलमधली नेहमीची गफलत आहे, म्हणून शेवटपर्यंत दोन्ही थर ठेवा. नळ वरच्या बाजूला धरून फनेलमधली वाफ वारंवार सोडा. मुठेच्या पाण्यात साबण असल्याने मधे पांढरट इमल्शन होतं; जोरात हलवू नका, थोडं मीठ घाला आणि थांबा. अर्क निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून आटवताना पार कोरडा करू नका, नॅफ्थॅलिनसारखे पदार्थ उडून जातात. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत आणला तर जीसी-एमएसमध्ये (पदार्थ वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) १४९ वस्तुमानाला थॅलेटचं (प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचं) शिखर दिसतं, ते नदीतलं की बाटलीतलं हे मग कुणालाच सांगता येत नाही. तपकिरी काचेची बाटली आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण वापरा.

पुस्तकासाठी अप्पा बळवंत चौकात जुनी बीएस्सी दुसऱ्या वर्षाची ऑरगॅनिकची पुस्तकं मिळतात, तेवढी पुरतात. आवृत्ती दहा-पंधरा वर्षं जुनी असली तरी या भागात काही बदललेलं नाही. मॉडेल किट असला तर उत्तम, नसेल तर टूथपिक आणि मातीचे गोळे चालतात.

तयारी झाली की नाही ते असं पाहा. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या दहा कीटकनाशकांची नावं लिहून घ्या, पबकेमवर (रसायनांच्या मोफत ऑनलाइन माहितीसाठ्यावर) फक्त रचना बघा आणि बाकी पान झाका. पीएच ७.५ ला रेणू आयन होईल का, पाण्यात राहील की गाळात, कोणता बंध आधी तुटेल, उरलेला तुकडा मूळ पदार्थापेक्षा पाण्यात जास्त विरघळेल का, ही चार उत्तरं लिहा आणि मग ताडून पाहा. दहापैकी सात रेणूंना तीन-तीन उत्तरं बरोबर आली तर स्पेक्ट्रोस्कोपीकडे (प्रकाश वगैरे वापरून रेणूची रचना ओळखण्याकडे) वळा. नाही आली तर बहुतेक वेळा आम्ल-आम्लारीचं प्रकरणच कच्चं राहिलेलं असतं, तिथे परत जा.