वहीतली पेन्सिलची रेघ

"मॅडम, होमवर्क काढला की घरात रडारड सुरू. दोन-दोन तास बसते मी त्याच्याजवळ. शेवटी पाठीत धपाटा घालते आणि मग रात्री मलाच झोप येत नाही. काय करू?"

प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या आया मला जितक्या वेळा हा प्रश्न विचारतात, तितका दुसरा कुठलाच विचारत नाहीत. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका आईबरोबर त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते इथे सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला नुसतं बाबू म्हणते, आमच्याकडे घरोघरी म्हणतात तसं.

बाबू तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वडील औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणारे. घरी आजी-आजोबा आणि एक धाकटी बहीण. पहिल्या भेटीला आई एकटीच आली होती. जुलैचा पाऊस कोसळत होता, तरी बोलायला बसल्यावर छत्री मिटून बाजूला ठेवायचंही तिला सुचलं नाही. धपाट्याचं तिने स्वतःहून सांगितलं, ते सांगताना तिचा गळा भरून आला. मी तिला तेवढंच म्हटलं, की तुम्ही ते लपवलं नाहीत, म्हणजे अर्धं काम झालं. पुढच्या वेळी येताना वर्गातली वही आणि होमवर्कची वही, दोन्ही घेऊन या.

त्या दोन वह्या मी टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

होमवर्कची वही पाहून कुणालाही कौतुक वाटावं. अक्षर एकसारखं, उत्तरं सगळी बरोबर, पानोपानी टीचरची खूण आणि मधूनमधून एखादा तारा. पान उजेडात धरलं तेव्हा दिसलं, की जवळजवळ प्रत्येक ओळीखाली आधी खोडलेली एक ओळ आहे. काही ठिकाणी खोडरबराने कागद झिजून पातळ झाला होता. वर्गातल्या वहीत मात्र गणितं उतरवलेली आणि उत्तराच्या जागा कोऱ्या. काम अपुरं राहिल्याचा लाल शेरा पुन्हा पुन्हा.

"ही खोडलेली अक्षरं कोणाची?" मी विचारलं.

"त्याची. वाकडी येतात म्हणून मी पुसते आणि परत काढायला लावते. कधी हात धरून काढून घेते."

"आणि गणितं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "उत्तर मी सांगते. नाहीतर दहा वाजले तरी उठत नाही. आणि ग्रुपवर बाकीच्या आया पूर्ण झालेल्या वहीचे फोटो टाकतात हो."

टीचरने काय समजावं? घरून वही अशी निर्मळ येते आणि वर्गात हाच मुलगा पेन्सिल धरून खिडकीबाहेर बघतो. म्हणजे येत असून करत नाही, आळशी आहे. तिने तसंच समजलं होतं आणि पालकसभेत आईला तसंच सांगितलंही होतं. ते ऐकून आई घरी आली आणि बाबूला आणखी अर्धा तास जास्त बसवू लागली. कोणीच वाईट वागत नव्हतं, पण प्रत्येकाच्या वागण्यामुळे बाबूला काय येत नाही हे शाळेपासून लपून राहत होतं.

होमवर्कचा माझ्या मते एकच खरा उपयोग आहे: वर्गात शिकवलेलं मुलाला एकट्याने जमतं का, हा निरोप तो शाळेला परत नेतो. आईने तो निरोप खोडून स्वतःच्या हाताने लिहिला, की टीचरला चुकीची बातमी पोचते.

बाबूला भेटले तेव्हा त्याला आधी माझ्या कपाटातल्या वस्तू बघू दिल्या. डोळे तपासून घ्यायला आईला आधीच सांगितलं होतं. फळा नीट दिसत नाही म्हणून 'आळशी' ठरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याचे डोळे ठीक होते. मग कागदावर एक गणित मांडलं: ५२ वजा २७. पटकन उत्तर आलं, ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, मग तो वर असो की खाली. या वयात ही चूक खूप मुलं करतात आणि ती निष्काळजीपणाची नसते. मुलाने एक नियम धरलेला असतो आणि तो इमानाने पाळत असतो, नियम तेवढा चुकीचा असतो. "काळजीपूर्वक कर" असं शंभरदा सांगूनही ही चूक जात नाही ती यामुळे.

पुढे जे कळलं त्याची मलाही कल्पना नव्हती. मी सहज म्हटलं, "आता बावन्न लिही बघू." त्याने लिहिलं २५.

आई खुर्चीतून पुढे झाली. "बघितलंत? हे असंच करतो. लक्षच नसतं!"

लक्ष होतं. त्याने अगदी ऐकल्याप्रमाणे लिहिलं होतं. 'बावन्न' या शब्दात दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. 'सत्तावीस'मध्ये सात आधी, वीस नंतर. इंग्रजीत 'फिफ्टी-टू' म्हणताना पन्नास आधी येतात, म्हणजे ज्या क्रमाने लिहायचं त्याच क्रमाने बोलायचं. वर्गात तो 'फिफ्टी-टू' ऐकायचा आणि बरोबर लिहायचा. घरी व्यवहार कोंकणीत, आजोबा 'बावन' म्हणणार, आई होमवर्क घेताना स्वतः शिकली त्या मराठीत 'बावन्न' म्हणणार. आकड्यांची ही उलटी वाट मराठी माध्यमातल्या मुलांनाही अडवते. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायची पद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद पेटला होता. कोणती पद्धत चांगली, हा वाद मी इथे काढत नाही. पण त्या बदलामागे मुलांची हीच अडचण होती.

आमच्या भागात तिला आणखी एक पदर आहे. गोव्यात १९९०च्या धोरणाने प्राथमिक शाळांना अनुदान मिळायचं ते मराठी-कोंकणीसारख्या भाषांतून शिकवणाऱ्यांना. इंग्रजी माध्यमाला ते खुलं करण्याचा निर्णय २०११चा. त्यामुळे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या कितीतरी आया चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकल्या आणि पाचवीपासून इंग्रजीत गेल्या. त्यांची मुलं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत. आईची वजाबाकी एका भाषेतली, मुलाची दुसऱ्या. बाबूची आई म्हणायची, "शेजारच्याकडून एक उसना घे." टीचर वर्गात दहाचा गठ्ठा सोडायला शिकवत होती. दोन्ही खरं म्हणजे एकच, पण आठ वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी गणितं वाटत होती.

आईला हे समजावलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तो बरोबर ऐकत होता आणि मी त्याला मारत होते." यावर मी काही बोलले नाही. अशा वेळी घाईने धीर दिला, तर ते माणसाच्या मनात नीट उतरत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. आजोबांनी खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुटे, हे बावन्न. यातून आजोबांना सत्तावीस द्यायचे. दोन गठ्ठे देऊन झाले, आता सात सुटे हवेत आणि हातात तर दोनच. बाबू घुटमळला, एक रबर काढलं, हीर जमिनीवर पसरले आणि स्वतःच मोजून मोकळा झाला. उरले पंचवीस. हे त्याला कोणी सांगितलं नाही. आईला मी एवढंच बजावलं होतं, की आकडा बोलताना 'पाच गठ्ठे आणि दोन' असं आधी म्हणा, मग बावन्न म्हणा, आणि शेवटी शाळेतला इंग्रजी शब्द. गणित इंग्रजीतून आलं तरी आधी त्यातली गोष्ट कोंकणीत बोला: कोणाकडे किती होते, कोणी किती दिले. गोष्ट कळली की इंग्रजी वाक्य त्याला परकं राहत नाही.

दुसरं सांगितलेलं तिला जड गेलं. वीस मिनिटांचा गजर लावायचा, तेवढ्यात त्याला एकट्याला जेवढं होईल तेवढं करू द्यायचं. विचारलं तर प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर सांगायचं नाही. गजर झाला की शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं: 'इथपर्यंत त्याने स्वतः केलं. वीस मिनिटं.' अक्षर वाकडं असलं तरी पुसायचं नाही. खोडरबर बाबूच्या कंपासपेटीत राहील, आईच्या हातात नाही.

"अर्धवट वही पाठवायची? लोक आम्हाला काय म्हणतील?" हा सवाल बाबूच्या वडिलांचा. नाईट शिफ्ट करून ते थेट माझ्याकडे आले होते. मी त्यांना २०२०चं केंद्र सरकारचं शाळेच्या दप्तराविषयीचं धोरण सांगितलं. दुसरीपर्यंत होमवर्क नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं त्यात म्हटलं आहे. रोज दोन तास नव्हे, आठवड्याला. ते थोडा वेळ हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "आमचा सोमवारीच संपतो."

शाळेत मात्र हे धोरण हातात घेऊन जाऊ नका, असं मी त्यांना सांगितलं आणि प्रत्येक पालकाला सांगते. टीचरसमोर नियम आपटला की ती बचावाला उभी राहते आणि मूल मध्ये अडकतं. आईने जाऊन फक्त खरं सांगितलं: इतके दिवस होमवर्क मी करून देत होते, आता तो करेल आणि तुम्हाला वही अपुरी दिसेल. पहिल्यांदा टीचर नाराजच झाली. वर्गात पस्तीसच्या वर मुलं, त्यात ही नवी भानगड. पण दोन आठवड्यांत तिने त्या रेघा वाचायला सुरुवात केली. रेघ नेहमी वजाबाकीतच अडते आणि बेरजेची पानं पूर्ण असतात, हे तिलाच दिसलं. त्यानंतर होमवर्क देण्याआधी त्यातलं पहिलं गणित ती वर्गात करून घेऊ लागली. तिने हे आपणहून केलं, म्हणून मला जास्त बरं वाटलं.

सगळं सरळ झालं असं नाही. बाबूचं लिहिणं अजून सावकाश आहे. मध्ये एक आठवडा आईनेच हार खाल्ली आणि पुन्हा उत्तरं सांगितली. तिने तेही मला सांगितलं. असे तीन-चार महिने नीट प्रयत्न करूनही मूल अक्षरं आणि आकडे ओळखायलाच अडखळत असेल, तर बालविकास तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायला हवी, त्यात कमीपणा नाही. बाबूच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत शाळेने प्रोजेक्ट दिला होता: घरातल्या सणाचा तक्ता. गेल्या वर्षी आईने दुकानातून छापील चित्रं आणून रात्री एक वाजेपर्यंत चिकटवली होती. या वर्षी मी सुचवलं, की तक्ता माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगून बांधतात त्या चौकटीचा करा आणि माटोळी आजोबांबरोबर बाबूला बांधू द्या. तो आजोबांबरोबर बाजारात गेला, माट्टीची फळं आणि कांगले ओळखायला शिकला, नारळ आणि चिबूड कुठे टांगायचे यावरून त्याने आजोबांशी वाद घातला. मग प्रत्येक फळाचं चित्र स्वतः काढून खाली ते किती, हे लिहिलं.

आईने मला तक्त्याचा फोटो पाठवला. चित्रं वाकडी होती आणि नारळ निळ्या खडूने रंगवला होता. सुपारीच्या घडाखाली त्याने २५ लिहून त्यावर काट मारली होती आणि शेजारी ५२ लिहिलं होतं.

मी फोन करून विचारलं, ही काट कोणी मारली?

"त्यानेच," ती म्हणाली. "मी मोदक वळत होते. मला तर आता फोटो काढताना दिसलं."